कात्रणाखालची ओळ

"विडी कामगारांचं हे पाकीट आजून कोन कोन पाह्यते जी, ताई?"

रत्नाबाई चेटुलेंच्या हातातली कात्री थांबली. विचारणारा माणूस सकाळपासून वाचनालयाच्या संदर्भ विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर बसून काहीतरी उतरवून घेत होता. अंगात साधा बुशशर्ट. पायात मात्र तपकिरी, जाड तळाचे, चकचकीत पॉलिश केलेले बूट. असे बूट भंडाऱ्यात पोलीसच घालतात, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

"कोनी नाही पाहत," त्या म्हणाल्या. "धूळ खात पडलं असते."

"कोनीच नाही?"

"नाही बाप्पा."

माणसाने पाकीट नीट बांधून परत दिलं. "येतो मंग पुन्हा," म्हणाला आणि गेला. तो पुन्हा येणार होता, एवढंच रत्नाबाईंच्या डोक्यात राहिलं.

आणीबाणी लागून वर्ष होत आलं होतं. गेल्याच आठवड्यात लाखनीच्या भोजराज कापगते गुरुजींना त्यांच्या अंगणातून उचलून नेलं होतं. विडी कामगारांच्या सभेत बोलले म्हणून, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे, फार बोलतात म्हणूनच. नेलं कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाजारात त्यांचा विषय निघाला की माणसं धानाच्या रोपांबद्दल बोलू लागत.

आणि या गुरुजींचं नाव रत्नाबाईंच्या कपाटात जागोजाग होतं, त्यांच्याच अक्षरात.

त्याचं असं होतं. संदर्भ विभागात गॅझेटिअर होतं, जनगणनेची पुस्तकं होती, कोश होते. पण नागपूरहून प्रबंध लिहिणारी मुलं इथवर यायची ती कात्रणांसाठी. मालगुजारी तलाव, पितळेची भांडी, दंडारीचं लोकनाट्य, विडी कामगार, अशी विषयवार पाकिटं रत्नाबाईंनी लावली होती. वाचनालयाला दोनच वर्तमानपत्रं परवडायची. बाकीची लोक आणून द्यायचे. त्यांचा मान राहावा म्हणून रत्नाबाईंनी एक रीत पाडली होती. कात्रण चिकटवलं की खाली एकच ओळ लिहायची: आधी देणाऱ्याचं नाव, मग वर्तमानपत्र, मग तारीख. गुरुजी दर महिन्याला एसटीने पिशवीभर वर्तमानपत्रं आणत आणि मागच्या खेपेची ओळ चष्मा पुसून तपासत. "श्री. राह्यलं की बाई," असं म्हणून तेवढ्यासाठी पेन मागून घेत. रत्नाबाई त्यांना हसायच्या. नावाचा एवढा सोस असलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

आता तो सोस त्यांच्या गळ्याशी आला होता. गुरुजींना तर नेलंच होतं. पण त्यांच्यासारखे आणखी किती देणारे! साकोलीचे दुकानदार होते, एक नर्सबाई होत्या. बूटवाल्याने पुढच्या खेपेला वहीत नावं उतरवून नेली, तर? आणि अक्षर कोणाचं, असं विचारलं, तर? घरी आई होती, लकव्याने एक हात गेलेली. रत्नाबाईंना उचलून नेलं तर तिला भाताचा घास भरवायलाही कोणी नव्हतं.

त्या ग्रंथपालांकडे गेल्या. गिऱ्हेपुंजे साहेबांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मले काही सांगू नका बाई. मी आयकलंच नाही."

"पन साहेब, थे नावं..."

"कोनते नावं? मी पाकीट उघडूनई पाह्यलं नाही आजवर." एवढं बोलून साहेबांनी स्वतः उठून दार लावून घेतलं. रत्नाबाई बाहेरच राहिल्या. साहेबही आपल्याइतकेच घाबरलेत, हे पाहून त्यांचा उरलासुरला धीर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी संदर्भ विभागाच्या दारावर 'साठा पडताळणी सुरू आहे' अशी पाटी लावली आणि आतून कडी घातली. कात्रीच्या टोकाने त्या एकेक नाव कापू लागल्या. पण ओळीच्या सुरुवातीला चौकोनी भोक पडे, आणि इथे कोणाचं तरी नाव होतं, हे त्या भोकातून जास्तच ओरडून कळे. मग त्यांनी अख्खी ओळच कापायला घेतली. बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली की कात्री पदराखाली जाई. ऊन कलेपर्यंत सगळी पाकिटं झाली. पट्ट्या पिशवीत भरून त्यांनी घरी नेल्या आणि आंघोळीच्या पाण्याखाली चुलीत घातल्या. आई विचारत राहिली, "काय जाळून राहिली वो?" त्या चुलीत फुंकत राहिल्या. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

बूटवाला आला तो पंधरवड्याने. पाकीट उघडून त्याने दोन-चार कागद पालथे केले, पुन्हा सुलटे केले.

"ताई, याच्यावरच्या तारखा कुठं गेल्या?"

रत्नाबाई कपाटाकडे सरकल्या.

"मी हवालदार हाओ," तो आवाज खाली आणून म्हणाला. "श्रावण मेश्राम. एम.ए. करून राहिलो, बाहेरून. लघुप्रबंध आहे विडी कामगारावर. माह्यी माय विड्या वळे ना. त्या दिशी म्हनूनच इचारलं, कोनी याच विषयावर लिहून राह्यलं असंल तं जोडीदार भेटंल. आता सर म्हनते, पेपराचं नाव नाही, तारीख नाही, तं थे कात्रण म्हंजे ऐकीव गोष्ट. थेच उतरवून घ्याले आलो होतो."

नावांच्या भीतीत तारखांचा विचार रत्नाबाईंच्या मनाला शिवलाच नव्हता. कपाटातली सगळी पाकिटं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. तलावांची, दंडारीची, पितळेची. इतक्या वर्षांचं काम त्यांनी एका दुपारी स्वतःच्या हाताने मातीत घातलं होतं. त्यांना रडू आलं, आणि पोलिसासमोर रडायचीही भीती वाटली.

हवालदाराने कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला. त्याला सगळं कळलं असावं. त्याने दाराकडे पाहिलं.

"कोनी इचारलं तं उंदरानं कुरतडलं म्हना जी," तो म्हणाला. "मी काही पाह्यलं नाही."

म्हणजे भीती खोटी नव्हती. उंदीर इतकं सरळ कुरतडत नाहीत, हेही रत्नाबाईंना कळत होतं. त्यानंतर कितीतरी महिने बुटांचा आवाज आला की त्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहत.

गुरुजी सुटले ते पुढच्या वर्षी, निवडणुकीच्या सुमारास. वाचनालयात आले तेव्हा उन्हाळा लागला होता. सदरा अंगावर लोंबत होता. रत्नाबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पाकीट त्यांच्या हाती पडायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"तुमच्यासाठी केलं, असं म्हनत नाही, गुरुजी. मी भेली होती."

गुरुजींनी चष्मा पुसला. एकेक कात्रण घेऊन त्याची खालची कड पाहिली. रत्नाबाईंना वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आमच्या घरचीनंई जाळले," ते शेवटी म्हणाले. "माह्ये सगळे पेपर. जाळले तं बरंच झालं."

मग पिशवीतून त्यांनी घडी केलेलं एक वर्तमानपत्र काढलं. सुटलेल्या लोकांची बातमी होती. रत्नाबाईंनी ती कापली, चिकटवली आणि दौतीत टाक बुडवला. मनापासून, ठळक अक्षरात त्यांनी 'श्री.' लिहिलं.

गुरुजींनी मान वळवून आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बाहेर कोणी नव्हतं.

"नाव नोको लिवू बाई," ते हळूच म्हणाले. "तारीख तेवढी लिव."