पाच बाजूंची टाकी

नवरा जाऊन तीन आठवडे झाले आणि माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले.

शिवणकामवाली बाई रोज त्यांना खाणं टाकत होती, पण ठिपके दिसले ते त्या सकाळी. सात मासे होते. एक तर दगडाला अंग घासत होता. तिने मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"औषध आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "दहा लिटरला एक मिली. जास्त झालं तर मासे जातील, कमी पडलं तर रोग हटणार नाही. टाकी किती लिटरची?"

"माहीत नाही."

"लांबी-रुंदी-उंची सांगा, मी काढतो."

"लांबी कुठली सांगू? पाच बाजू आहेत. आणि पुढची काच वर पुढे झुकलीय."

टाकी नवऱ्याने स्वतः केली होती. तो काचकाम करायचा. उरलेल्या काचा जोडून त्याने ती खोलीच्या कोपऱ्यात नेमकी बसवली होती. किती पाणी मावतं हे त्याला तोंडपाठ असणार. तिने कधी विचारलं नव्हतं. माशांचं खातं त्याचं होतं.

दुपारी नणंद आली. ती शाळेत गणित शिकवायची. पट्टी, वही घेऊनच आली आणि पाचही बाजू मोजून आकडेमोड करायला बसली.

"वन्सं, नुसत्या बाजूंनी आकार कळत नाही," बाई म्हणाली. "त्याच बाजूंचा गळा वाकडाही शिवता येतो. खाका काढू."

तिने खाकी कागद आणला. टाकीखालची फळी तळाच्याच मापाची होती. बाई स्टँडखाली उताणी झोपली, कागद फळीला खालून दाबून धरला आणि खडूने कडा उतरवल्या. काम दोन मिनिटांचं होतं. झाल्यावरही ती तशीच पडून राहिली. वर पंप घरघरत होता.

"वहिनी, झालं का?"

"झालं."

"मग बाहेर या ना."

ती आली. दुसरा कागद पाण्याच्या रेषेवर धरून वरचा आकार घेतला. दोन्ही कागदांवर तिने दहा-दहा सेंटिमीटरचे चौकोन आखले. कडेचे अर्धेमुर्धे तुकडे जुळवून मोजल्यावर तळाचे चौतीस भरले, वरचे बेचाळीस.

"सरासरी अडतीस," नणंद म्हणाली. "पाणी पंचेचाळीस सेंटिमीटर उंच. म्हणजे एकशे एकाहत्तर लिटर." लिहिता लिहिता तिची पेन्सिल थांबली. "दादाने एका झटक्यात सांगितलं असतं हो." आणि तिला रडू कोसळलं.

बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायचा असतो म्हणून ठेवला. आतून काही हललं नाही.

"वहिनी, तुम्हीही एकदा रडून घ्या. असं कोरडं राहून कसं चालेल?"

"दगड राहिलेत," ती म्हणाली. "दगडांच्या जागी पाणी नाही. तेवढं वजा करायला हवं."

नणंदेने डोळे पुसले. परातीत काठोकाठ भरलेली बादली ठेवून त्यांनी एकेक दगड तिच्यात सोडला. सांडलेलं पाणी मापाने मोजलं, ते नऊ लिटर निघालं. दगड परत टाकीत गेले. तळाच्या वाळूचे अंदाजाने अकरा धरले. राहिले एकशे एक्कावन्न.

"दीडशे धरा," नणंद म्हणाली. "पंधरा मिली."

बाईने औषध मोजून थोडं थोडं सोडलं. पाणी निळसर झालं.

दुसऱ्या दिवशी दोन मासे वर तरंगले. तिने जाळीने काढून ते बागेत पुरले आणि हात धुऊन मशीनवर बसली. एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या जोडल्या गेल्या. उसवून परत जोडल्या. पाण्याचा काही भाग बदलून दुकानदाराने सांगितलं तसं औषध पुन्हा टाकलं. आठव्या दिवशी उरलेल्या पाचांच्या अंगावर एकही ठिपका नव्हता.

दुकानदार म्हणाला, "दोन नवे देऊ का?"

"नको. आहेत तेवढे पुरे."

त्या संध्याकाळी नणंदेचा फोन आला. मासे बरे आहेत ऐकून ती हुश्श म्हणाली. मग रोजच्यासारखं विचारलं, "जेवलात का?"

बाई रोज 'हो' म्हणून मोकळी व्हायची.

"नाही," ती म्हणाली. "सकाळपासून काहीच नाही खाल्लं."

"मग येऊ का मी?"

"या," ती म्हणाली, आणि भांडं चुलीवर चढवलं.