कमळ धवलारणीचा उजवा गाल

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. भट येतो, मंत्र म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण देवांना आणि घरच्या गेलेल्या माणसांना नावानं हाक मारून मांडवात बोलावते ती धवलारीण, धवळे गाऊन. वळ गावात ते काम माझं. कमळ आली न्हाय तर हळद लागायची न्हाय, असा माझा तोरा होता.

मग २००६ साली उजव्या कानाखाली गाठ आली. दुखत न्हाय, खुपत न्हाय. बाया म्हणाल्या, मशेरी लावतेस ना, म्हणून. म्हटलं, मशेरी दाताला लावते ग, कानाला न्हाय!

माझा मुलगा मनोज मात्र पांढराफटक पडला. त्याच्या बापाच्या जिभेखाली असंच काहीतरी आलेलं. आम्ही बघू बघू करत झाडपाल्याचे रस पाजत बसलो आणि माणूस हातचा गेला. तेव्हापासून आमच्या घरात गाठ म्हणजे कॅन्सर, दुसरं काय नसतंच.

भिवंडीतल्या डॉक्टरनं गाठीत सुई घातली, पण सुईत धड काही आलं न्हाय. थुंकीच्या ग्रंथीची साधी गाठ असेल, म्हणाले, आणि ठाण्याला डॉक्टर मिलिंदकडे पाठवलं. तो पोरगेलासा, पण बोलायला गोड. "मावशी, तोंड हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. जपून काढतो."

"डॉक्टर, बाकी काय पण कापा, तोंड राखा," मी म्हटलं. "माझ्या नातीचं, ऋतिकाचं लगीन हाय. तिचे धवळे मीच गाणार."

"मग मला पण आवतण द्या," म्हणाला आणि हसला.

पुढचं मला सून मृणालीनं सांगितलं, कारण मी टेबलावर आडवी. डॉक्टर मधेच बाहेर आले. म्हणाले, "गाठ नसेतूनच उगवलीय. फार क्वचित होतं असं. मला कॅन्सर वाटत नाही. छोटा तुकडा तपासायला घेतो आणि टाके घालतो. पूर्ण काढली तर नस कापावी लागेल, अर्धा चेहरा पडेल."

मनोज म्हणाला, "कॅन्सर न्हाय, असं छातीठोक सांगता का?"

"तुकडा तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"मग काढा. बापाच्या वेळी थांबलो. आयच्या वेळी न्हाय थांबायचा."

काढली. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर मिलिंदनं मान वर केली न्हाय. नसेच्या वेष्टनाची गाठ, साधी, कुठे पसरणारी न्हाय. मी विचारलं, "ठेवली असती तर?" जीभ नीट वळत होती, पण ओठ अर्धाच उघडला.

"राहिली असती, मावशी. हळूहळू वाढली असती, एवढंच."

राहिली असती मेली! अख्ख्या वळमध्ये गोदामांत भाडेकरू ठेवलेत, माझ्या कानाखाली एक राहिला असता तर कोणाचं काय बिघडत होतं?

उजवा ओठ लोंबायला लागला. चहा प्यायला की हनुवटीवरून ओघळ. उजवा डोळा मिटत न्हाय, दिवसभर त्यातून पाणी गळतं. लोक विचारतात, काकी रडता का? आधी सांगायची, आता सांगत न्हाय. मनोजशी मी बोलणं टाकलं. तो रोज गरम फडकं आणून गाल शेकायचा, आणि मी भिंतीकडे बघायची. राग होता, आणि राग कसला, जीव जळत होता माझा.

ऋतिकाच्या लग्नाला वडप्याची हौसा धवलारीण बोलावली. मी मागे बसले, तोंडाला पदर लावून. हौसा चांगली गायली, खोटं कशाला बोलू. पण घरच्या गेलेल्या माणसांना बोलवायची वेळ आली आणि ती थांबली. आमच्या घरची नावं तिला कुठली माहीत? माझ्याकडे बघत राहिली. सगळा मांडवच बघत राहिला.

मी तोंड उघडलं. हवाच सुटली ओठातून. शब्द लाळेत लोळले. पोरीसोरी हसल्या असतील, मी बघितलं न्हाय.

तेवढ्यात मनोज येऊन माझ्याजवळ उकिडवा बसला. तळहातानं माझा पडलेला गाल वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हण आये," म्हणाला.

मी म्हटलं. आजेसासरा, सासरा, सासू, एकेकाला बोलावलं. वाकडंतिकडं, पण बोलावलं. शेवटी त्याचा बाप राहिला. जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं न्हाय मी, आणि सगळ्यांत शेवटी गेला म्हणून त्याला शेवटी हाक मारायची होती.

"केसरीनाथा, ये," मी गायले. "नातीच्या मांडवाला ये."

मनोजनं गालावरचा हात काढला न्हाय. उजवा डोळा तर माझा नेहमीच गळतो. त्या दिवशी डावापण गळला.