जाळीवरचं पोतं

गाडीच्या बॅटरीला गार ठेवणाऱ्या पंख्यातून प्राचीने चिमट्याने एकेक वस्तू काढली आणि वर्तमानपत्रावर मांडली: मोहाची एक्केचाळीस आंबलेली फुलं, केसांचा एक गोळा आणि उंदराची तीन मेलेली पिल्लं.

तिच्याच आग्रहाने वडिलांनी, देवानंदांनी, तेरा वर्षांच्या हायब्रिड गाडीला नवी बॅटरी बसवली होती. महिनाभर गाडीने लिटरला एकोणीस किलोमीटर दिले, मग ती चौदावर आली. देवानंदांनी ती बॅटरी बसवणाऱ्या गुलशन मिस्त्रीची साऱ्या सालेकशात बदनामी केली आणि गाडी भंगारात द्यायचं ठरवलं.

“बॅटरी नकली आहे, मी कवापासून सांगून राहिलो,” ते आताही म्हणाले.

“भाऊ, बॅटरी असली आहे,” गुलशन म्हणाला. “तुम्ही जाळीवर मोहाचं पोतं ठेवता. तिला साँस तर घेऊ द्या.”

बॅटरी गार ठेवणारी हवा मागच्या सीटलगतच्या जाळीतून जाते. ती अडली की बॅटरी तापते, गाडी तिच्याकडून कमी काम घेते आणि सगळा भार पेट्रोलवर येतो. प्राचीने हे वडिलांना दोनदा समजावलं होतं.

“मंग पोतं का डोक्शावर ठेवू?” म्हणत देवानंद तिच्या कागदाशेजारीच तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकले. पिल्लांपेक्षा तिला त्याचीच जास्त किळस आली.

“बाबा, आता सीट रिकामी राहील. भंगाराचं, मायलेज मोजल्यावर बोलू.”

तिने पंखा ब्रशने धुऊन वाळवला. रविवारी टाकी काठोकाठ भरून ती गोंदियाला दोनदा जाऊन आली आणि टाकी पुन्हा भरली. एकशे अडुसष्ट किलोमीटरला नऊ लिटर लागलं. लिटरला अठरा पूर्णांक सात.