मास्तरांच्या नावावर

बाइंडरच्या दुकानात कुणी फाटकं पुस्तक घेऊन आलं की तो आधी पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवी, दोन पानं ओढून शिवण पाही आणि मग विचारी, "पावती हवी का?" पावती हवी असेल तर एक भाव, नको असेल तर दुसरा. हवी म्हणणारा वर्षातून एखादाच निघे, तोही बहुधा कचेरीतला. बाकी सगळा व्यवहार हातोहात. "घाम माझा, खळ माझी, दोरा माझा. सरकारने कधी सुई ओवून दिली मला?" असं तो म्हणे आणि ऐकणारे हसत. चाळीस वर्षांत सरकारला एक छदाम दिला नाही, हे तो कुस्ती मारल्याच्या थाटात सांगे.

बढाई त्याची, पण पै-पै राखली ती त्याच्या बायकोने. मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी पाणी कोण देणार, ही धास्ती लग्नाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून घरात मुक्कामाला आली होती आणि तिनेच पुढचा सगळा संसार हाकला. कटिंग मशीनखाली पडलेल्या कातरणांवर बायको सामानाची यादी लिही. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात भरून त्या मोज्यानेच कपडे धुई. दुकानातली शिवण निम्मी तीच घाली, पण घरच्या कामाला मजुरी कसली? पुढचे दोन दात काढावे लागले, ते तिने बसवलेच नाहीत. बोलताना तोंडापुढे हात धरायची सवय लागली ती कायमची.

चौदा वर्षांपूर्वी घर घ्यायचं ठरलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पैसा होता, पण कागदावर नव्हता. कागदावर बाइंडर म्हणजे कसंबसं पोट भरणारा माणूस. त्याने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ शाळेत मास्तर होता. बायको आणि दोन मुलींसह शाळेनेच दिलेल्या जागेत राहायचा. पगार हातात पडायच्या आधीच कर कापला जायचा आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसायची.

"कर्ज तुझ्या पगारावर काढ, घर तुझ्या नावावर घे," बाइंडर म्हणाला. "हप्ता मी महिन्याच्या महिन्याला रोख आणून देतो. एक चुकणार नाही."

"दादा, उद्या मला काही झालं तर?"

"तुला काय धाड भरलीय? माझ्याहून नऊ वर्षांनी लहान तू."

बायको तेव्हा एवढंच म्हणाली होती, "निदान दोघांत एक साधा कागद तरी करून ठेवा."

"कागद केला की त्याला तोंड फुटतं," तो म्हणाला. "सरकार झोपलंय, तू कशाला उठवतेस?"

हप्ते खरंच चुकले नाहीत. बारा वर्षांत कर्ज फिटलं. घरात बायकोने एकच हौस केली. स्वयंपाकघराचा जुना ओटा काढून काळ्या दगडाचा बसवून घेतला, तोही आपल्या कमरेच्या मापाने, म्हणजे वाकायला नको. गवंड्याशी तीन दिवस घासाघीस केली, पण करून घेतला. पहिल्या दिवशी तो चार वेळा पुसला.

मास्तर गेले ते शाळेतच. पेपर तपासता तपासता टेबलावर मान टाकली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

त्यानंतर तीन महिन्यांनी मास्तरांची बायको, धाकटी जाऊ, आली. हातात कापडी पिशवी. पाणी प्यायली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "दादा, शाळेने जागा रिकामी करायला सांगितलीय. महिनाअखेरपर्यंत."

"बघू की एखादी भाड्याची खोली. मी ओळखीत शब्द टाकतो."

"भाडं नाही परवडायचं. दोन्ही मुलींची शिक्षणं व्हायचीत." तिने पिशवी मांडीवर ओढली. "हे घर आता माझ्या नावावर झालंय, दादा."

बाइंडरला आधी नीट कळलंच नाही. मग तो म्हणाला, "हप्ते मी दिलेत."

"दिलेत ना. मी कधी नाही म्हटलं? चार माणसांत विचारलंत तरी हेच सांगीन. पण मला दुसरं घर नाही."

"आणि मला आहे?"

तिने पिशवीतून टाचलेल्या कागदांचा गठ्ठा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. घरपट्टीच्या पावत्या होत्या. "बिल आमच्या पत्त्यावर यायचं. नाव त्यांचं ना. चौदा वर्षं त्यांनीच भरली. मी म्हणायची, दादांना सांगा. ते म्हणायचे, दादा हप्ता भरतोय, आणखी ओझं कशाला. एका वर्षी थोरलीच्या क्लासची फी त्यात गेली. चष्म्याची काच तडकली, तर दोन वर्षं तसाच वापरला."

बाइंडर एकेक पावती बोटाने उलटत राहिला. घरपट्टी असते हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. घर म्हटलं की पट्टी आलीच. पण बिल येत नाही म्हणजे कुणाच्या तरी नजरेतून सुटलंय, असं त्याने पहिल्या वर्षी स्वतःला सांगितलं आणि पुढे तेच खरं धरून चालला होता.

"मला बोलला नाही तो," तो म्हणाला. "एका शब्दाने बोलला नाही."

बायको दाराशी उभी होती. घर घेतल्यावर चौथ्या वर्षी मास्तर एका दुपारी येऊन गेले होते, बाइंडर दुकानात असताना, मुद्दाम. "वहिनी, यंदा निम्मी घरपट्टी तुमच्याकडून जमेल का? मी आलो होतो हे दादाला नका सांगू. तुम्हीच आपलं सुचवल्यासारखं करा." तिच्या साठवणीच्या डब्यात तेवढे पैसे होते. "बोलते भाऊजी," असं ती म्हणाली आणि बोलली नाही. नवरा आकांडतांडव करेल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर पैसे डब्यातच राहिले याचं तिला बरं वाटलं होतं. मास्तर पुन्हा मागायला आले नाहीत. पुढे भेटले की तितकंच हसून बोलत.

"मागची खोली तुम्ही ठेवा," जाऊ म्हणत होती. "शेवटपर्यंत राहा. मी भाडं मागणार नाही."

"माझ्याच घरात मी आश्रित?" बाइंडर उठला आणि चपला घालून खाली गेला.

तो वकिलाकडे गेला. वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हप्ते दिल्याचा पुरावा?"

"रोख दिले."

"ती रोकड आली कुठून?"

बाइंडर खुर्चीतून उठू लागला. "हेच कोर्टात विचारतील," वकील म्हणाला. "घर तर मिळणार नाहीच, वर चाळीस वर्षांचा हिशेब द्यावा लागेल. तो द्यायची तयारी असेल तर या." एवढ्या सल्ल्याची त्याने फी घेतली आणि पावती दिली नाही.

महिनाअखेरीला ती दोघं दुकानात राहायला गेली. साठवलेलं होतं ते सगळं त्या घरात गेलं होतं. जाऊने जिन्यात वहिनीचा हात धरला. "वहिनी, तुम्ही तरी मला समजून घ्या."

"समजते गं," ती म्हणाली. समजत होतं, हेच वाईट होतं. जाऊ लबाड असती तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

दुकानात पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमागे एक गादी मावली. स्टोव्ह जमिनीवर, त्यामुळे स्वयंपाक वाकून. आंबलेल्या खळीचा वास अंथरुणाला, कपड्यांना, जेवणालाही येऊ लागला. काम तसंही आटलं होतं. पुस्तकं बांधून घेणारे म्हातारे एकेक करून गेले होते. त्यात बाइंडरचा हात थरथरू लागला. वाचनालयाच्या सहा जाड वह्या तिरक्या कापल्या गेल्या, तेव्हा त्यांनी उरलेलं काम उचलून दुसरीकडे नेलं.

वर्ष सरलं. एका सकाळी बाइंडरने धुतलेला सदरा घातला, गादीखालचं पैशांचं पाकीट खिशात कोंबलं आणि म्हणाला, "चल माझ्याबरोबर." कुठे, ते सांगितलं नाही. तो तिला पालिकेच्या कचेरीत घेऊन गेला. घरपट्टीच्या खिडकीपुढे रांग होती. बाइंडर आयुष्यात पहिल्यांदा त्या रांगेत उभा राहिला, तासभर. घराचा नंबर त्याने कातरणावर लिहून आणला होता.

खिडकीतल्या बाईने नंबर पाहिला. "ही भरलीय. सवलत मिळते ना, म्हणून आधीच भरून गेल्या. तुमचं नाव काय?"

त्याने नाव सांगितलं.

"या नावाने इथे काही नाही."

"भावाचं घर आहे. मागच्या वर्षांची काही बाकी असेल तर बघा."

"एक पैसा बाकी नाही. बाजूला व्हा, मागे लोक आहेत."

ती दोघं बाहेरच्या बाकावर बसली. पाकीट अजून त्याच्या मुठीत होतं. "धाकटीच्या हातात देऊ म्हटलं तर घ्यायची नाही," तो म्हणाला. "तो एकदा बोलला असता तर दिले असते मी."

बायकोने तोंडापुढचा हात काढला. "बोलले होते. माझ्याशी. चौथ्या वर्षी. निम्मे मागितले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

समोरच्या भिंतीवर मुदतीची नोटीस लावलेली होती. बाइंडर त्या नोटिशीकडे पाहत राहिला, वाचत नसावा. त्याने विचारलं, "मग त्या पैशांचं काय केलंस?"

"काय करणार? डब्यात होते. हप्त्यात घातले."

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याने पाकीट खिशात ठेवलं आणि हात गुडघ्यांवर टेकले. आपल्या नवऱ्याचे हात इतके म्हातारे झालेत हे तिने इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं.

"समोर चहा मिळतो," ती म्हणाली. "घेऊ या एकेक?"

"कशाला? दुकानात पावडर आहे की," तो म्हणाला आणि उठला. तीही उठली. दोघं चालत निघाली, तो दोन पावलं पुढे.