फडक्याखालचं मनगट

पट्टेबाबांनी चिमणीच्या मनगटावरचा रुंद पितळी पट्टा सोडला आणि अंगणभर दाटलेली माणसं टाचा उंचावून बघू लागली. पट्ट्याच्या पुढे बोटांपर्यंत फोड, मागे कोपरापर्यंत फोड. मधली कातडी मात्र स्वच्छ, सायीसारखी.

"बघा!" बाबा गरजले. "पट्टा आहे तिथे बाधा नाही! सूर्य कोपलाय पोरीवर. पुढच्या दर्शनाला दिवसभर उघड्या उन्हात बसवा. माफी मागू दे तिला. कोप उतरला तर उत्तम, नाहीतर आणखी पट्टे आहेतच!"

चिमणीच्या आईशेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. आईलाही भरून आलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं तरी कसं?

पण फोड चिघळले, तशी ती पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. तिथे कातडीचा डॉक्टर कुठला असायला? सिस्टरने मोबाइल उजेडात धरला आणि लांबच्या शहरातल्या डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या. चित्र मधेच थिजायचं, आवाज तेवढा यायचा. आईने पट्टा, बाबा, उन्हात बसवायचं, सगळं सांगितलं.

"पट्ट्याखाली साफ आहे, दिसलं. आणि फ्रॉकच्या आत?"

"आतही साफच आहे."

"मग काय ताई, फ्रॉकही मंतरलाय का?"

आई हसायला गेली, पण हसू फुटेना.

"ऊन लागतं तिथेच फोड आहेत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जन्मजात आजार असावा, फार क्वचित दिसणारा. तपासणीला इथे आणावंच लागेल. मुळापासून बरा होईल असं खोटं सांगणार नाही मी. पण दिवसभर उन्हात बसवलंत तर भाजून निघेल पोर. जाता-येता ऊन लागतंच, तेव्हा दुसऱ्या मनगटाला घरातलं जाडसं फडकं बांधा. काय होतं ते तुम्हीच बघा."

दर्शनाच्या दिवशी सासूबाई स्वतःच्या डोक्यावर छत्री धरून नातीला बाबांच्या अंगणाच्या मधोमध ओढत निघाल्या. आई आडवी आली.

"बाजूला हो! पोर बरी व्हायला नको का तुला?"

आईने नुसतं दुसऱ्या मनगटावरचं फडकं सोडलं. पुढे-मागे लालबुंद, फडक्याखाली जुने फोड वाळलेले, नवा एकही नाही.

बाबा डगमगले नाहीत. "माझ्या अंगणात आलं की कापडही पावन होतं!"

"पण हे तर घरीच बांधलं होतं," चिमणी म्हणाली. "भांडी पुसायचं आहे. आजी, तूच ना फाडून दिलंस?"

कुणीतरी फिसकन हसलं. सासूबाईंनी फडक्याकडे पाहिलं. तव्याचा काळा डाग अजून तसाच होता. त्यांनी छत्री नातीच्या डोक्यावर धरली.

"पितळेने ऊन अडलं, फडक्यानेही अडलं," आई लोकांकडे वळली. "चमत्कार कसला, सावली आहे ती. फडकं तुमच्याही घरात आहे. लेकराला उन्हात बसवण्याआधी एकदा बांधून तर बघा. आणि दवाखान्यात या, डॉक्टर फोनवर भेटतात."

निम्मी गर्दी पांगली. निम्मी तशीच राहिली. एका बाईच्या मांडीवर तान्हं होतं. गालांवर पुरळ, पायांत दोन कोरे पट्टे, तोंडावर सरळ ऊन. ती आईकडे बघत होती, पण उठत नव्हती.

आई तिच्या शेजारी उन्हातच जाऊन बसली. बाळाच्या तोंडावर फडक्याची सावली धरून तिने विचारलं,

"याच्या झबल्याच्या आत बघितलंस का गं कधी?"