जरा कठीण आहे

जपानात, आमच्या सेंदाईत कुणी तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. मान कलती करायची, दातांतून हवा ओढायची आणि म्हणायचं, “जरा कठीण आहे.” समोरच्यानं मग मुकाट्यानं आपलं चंबूगबाळं आवरायचं. प्रयोगशाळेत एक्स-रे यंत्र सांभाळण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. एवढ्याशा वाक्यानं गार झालेले विद्यार्थी मी ढिगानं पाहिले.

मिओ ओनोदेरा मात्र गार झाली नाही.

तिचं काम पॅलेडियम आणि ब्रोमीनच्या साखळीवर. एक अणू धातूचा, एक ब्रोमीनचा, पुन्हा धातूचा, अशी सरळ रांग. एरवी ब्रोमीन एकाच शेजाऱ्याकडे सरकून बसतो, इलेक्ट्रॉन अडकतात आणि वीज धड वाहत नाही. मिओनं धातूला असे रेणू जोडले की रांगेच्या दोन्ही कडांनी हायड्रोजनचे बंध तयार झाले, मेथनॉलला मध्ये घेऊन. सगळ्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. रांग आवळली, ब्रोमीन मधोमध आला आणि वीज वाहिली. यात पोरीची दोन वर्षं गेली.

गुरुवारच्या बैठकीत तिनं आकडे दाखवले. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, शिशिदो सेन्सेई, यांनी मान कलती केली.

“ओनोदेरा-सान, हे प्रबंधात घालणं जरा कठीण आहे. पुढच्या वर्षी कुरामोची तपासून बघेल.”

कुरामोची हा त्यांचा सहायक. चार वर्षांपूर्वी यानं स्फटिकाला सोन्याच्या तारा चिकटवताना कार्बनची पेस्ट इकडून तिकडे फासली आणि पेस्टमधून वाहणारी वीज स्फटिकाची म्हणून छापली. निबंध मागे घ्यावा लागला, सेन्सेईंना भर सभेत कमरेत वाकावं लागलं. तेव्हापासून आमच्याकडे चांगला आकडा आला की सगळ्यांना आधी पेस्टच आठवते. चूक एकाची आणि काम काढून घ्यायचं दुसरीचं. तेही त्या एकालाच द्यायला! माझं डोकंच फिरलं.

मिओनं नम्रपणे मान हलवली. “हो सेन्सेई, कठीणच होतं. म्हणून तर घालतेय.”

खोलीत कुणी कप खाली ठेवेना.

चहाच्या कोपऱ्यात मी तिला गाठलं. “अगं बये, ते ‘नाही’ म्हणाले तुला!”

“कळलं की. मी काय परदेशातून आलेय, सुगावारा-सान?”

“मग?”

“मग काय! तोंडानं ‘नाही’ म्हणाले नाहीत ना? मी शब्दच धरणार.”

तारा नीट बसलेला एकच स्फटिक तिच्याजवळ उरला होता. नवे वाढायला तीन महिने आणि प्रबंधाला उरलेले दोन आठवडे. तोच ती सगळ्यांसमोर तापवणार होती. तापला की मधलं मेथनॉल उडून जाईल, हात सुटतील आणि वीज स्फटिकाची असली तर थांबेल. पेस्टला हातबित काही नाहीत, तिच्यातून वीज वाहतच राहील. फसलं तर दोन वर्षं पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सेई, कुरामोची, मिओ आणि मी मापन खोलीत. साठ अंश. प्रवाह वाढला.

“पेस्टही असंच करते,” कुरामोची म्हणाला.

“तुम्हाला माहीत असणारच,” मिओ म्हणाली. मी खोकल्यात हसू दडवलं.

सत्तर. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तरला स्फटिकावरची हिरवी झाक गेली, तो विटकरी झाला आणि प्रवाह धाडकन हजार पटींनी कोसळला.

“तडा गेला असेल,” कुरामोची पुटपुटला.

मिओनं स्फटिक निवू दिला आणि मेथनॉलमध्ये भिजवलेला कापूस त्याच्याजवळ धरला. मिनिट गेलं, दोन गेली. मी मनातल्या मनात त्या स्फटिकाला शिव्या घातल्या. मग विटकरी रंगात हिरवी रेघ उमटली आणि आकडा चढू लागला. चढत चढत जवळपास जुन्या जागी आला.

“तारा त्याच, पेस्ट तीच,” मिओ म्हणाली. “हात सोडले तेव्हा वीज थांबली. धरले तेव्हा वाहिली.”

सेन्सेईंनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, “प्रबंधात घाल. छान झालंय. फक्त शोधनिबंधावर पहिलं नाव कुरामोचीचं लावू या. तू मार्चमध्ये जाशील, त्याला इथंच राहायचंय. त्याचं नाव धुऊन निघेल.”

कुरामोचीनं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. एवढं केलं आणि शेवटी पोरगी ‘हो सेन्सेई’ म्हणणार. आम्ही सगळ्या तेच म्हणत आलो.

मिओनं कापूस बशीत ठेवला. मान हळूच कलती केली, दातांतून हवा ओढली.

“ते जरा कठीण आहे, सेन्सेई.”

 शिशिदो सेन्सेईंनी आपली वही उचलली, सपाता घातल्या आणि ते निघून गेले. त्यांना अर्थ समजावून सांगावा लागला नाही.