गुन्हेगाराच्या भुवईवरचा व्रण

"अरे, डोळे बघा डोळे! आत्ता बोलेल चित्र!"

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही चित्रकथा छापतो. पण त्या दुपारी छपाई बंद होती आणि बाइंडर, हमाल, समोरचे दुकानदार असे सगळे एका संगणकाच्या पडद्याभोवती मुंग्यांसारखे चिकटले होते.

पडद्यामागे होता चित्रं काढणारं यंत्र विकायला आलेला विक्रेता. स्वतःला 'दिव्यदृष्टी' म्हणवून घ्यायचा मेला! मालकांना जपानी अ‍ॅनिमे धाटणीची पात्रं काढणारं एआय घ्यायचं होतं. पात्रं मी काढते, म्हणून कुठलं घ्यायचं ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात. माझी पद्धत साधी. सगळ्या यंत्रांना एकच वर्णन द्यायचं आणि आलेली चित्रं भिंतीवर शेजारी शेजारी लावायची. याच्या यंत्राने नायिकेला सहा बोटं दिली आणि मी ते नापास केलं. मग काय, गडी चमत्कारावर उतरला.

निमित्तही आयतं मिळालं. आदल्या दिवशी आमचा चौकीदार मागच्या दारात रक्ताच्या थारोळ्यात सापडला होता. डोकं फुटलेलं, शुद्ध नाही. दवाखान्यात होता बिचारा.

"बाकीची यंत्रं चित्र काढतात," दिव्यदृष्टी डोळे मिटून म्हणाला, "आमचं यंत्र बघतं! दादा, पडद्यावर हात ठेवा. भावाला आठवा. मारणाऱ्याचा चेहरा आपोआप येईल."

चौकीदाराच्या थोरल्या भावाने हात ठेवला. डोळे मिटलेल्या या महात्म्याची बोटं मात्र कीबोर्डवर चालत होती. ती कोण बघतोय!

चित्र उमटलं. टपोरे डोळे, टोकदार हनुवटी, कपाळावर बट आणि डाव्या भुवईवर आडवा व्रण.

"हा तर कटरवाला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

कटरवाला म्हणजे माझा धाकटा भाऊ. कागद कापायच्या मशीनचं पातं बदलताना त्याची डावी भुवई फाटून व्रण राहिला होता. त्याला मशीनवरून केसांना धरून ओढलं. पहिला ठोसा तोंडावर बसला, दात ओठात रुतला. तो खाली पडला तसे लाथांनी तुटून पडले सगळे. सकाळी त्याच्याबरोबर चहा प्यायलेले लोक! "ताई!" एवढंच ओरडला तो. चौकीदाराच्या थोरल्या भावाने लोखंडी पहार उचलली आणि डोकं झाकलेल्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आजही ऐकू येतो.

मी मध्ये घुसले. खांद्यावर एक दणका खाल्ला, पण भिंतीवरचं एक चित्र ओरबाडून थोरल्याच्या नाकासमोर धरलं. "बघ! तोच चेहरा, तोच व्रण! चौकीदार पडायच्या आधीच काढलंय मी हे, याच यंत्रावर. आमच्या गोष्टीतला खलनायक आहे हा!"

"म्हणजे यंत्राला आधीच कळलं होतं!" दिव्यदृष्टी गरजला. आणि लोकांनी माना डोलावल्या हो! डोकं आपटावंसं वाटलं मला.

"दादा," मी थोरल्याला म्हटलं, "एकदा माझ्यासमोर बस. मग मलाही मार."

पहार हातात तशीच धरून तो बसला. मी यंत्राच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो घेतला, खाली एकच शब्द टाइप केला आणि पडदा लोकांकडे फिरवला.

थोरल्याचा चेहरा. त्याच्याच मिशा, त्याचेच कान. आणि डाव्या भुवईवर आडवा व्रण.

थोरल्याचा हात आपोआप भुवईवर गेला. तिथे काहीच नव्हतं.

"'गुन्हेगार' असं लिहिलं मी, बाकी काही नाही," मी म्हटलं. "हजारो चित्रांत दुष्ट माणसाला व्रण काढलेला असतो. तेवढंच शिकलंय हे. तुम्ही आठवणी काढत होतात तेव्हा हा लबाड हाच शब्द टाइप करत होता. आता 'नायक' लिहिते." लिहिलं. व्रण गेला, डोळे चमकले.

मग थोरला उठला, पहार उगारून दिव्यदृष्टीकडे धावला, आणि मागून तीच गर्दी, तोच आरडाओरडा. दिव्यदृष्टी टेबलाखाली शिरला.

"थांबा!" मी ओरडले. "पुन्हा तेच? एकाला मारून मन भरलं नाही का तुमचं? याला पोलीस बघतील. माझ्या भावाला उचला आधी!"

त्याला दवाखान्यात नेलं. तिथे चौकीदार शुद्धीवर आला होता. थोरल्याने रडत विचारलं, "कोणी मारलं रे तुला?"

"मारलं?" तो पुटपुटला. "मागच्या दाराच्या शटरची स्प्रिंग तुटली. शटर डोक्यात आलं."

म्हणजे गुन्हाच नव्हता. ज्या गुन्ह्याला गुन्हेगारच नाही, त्याचाही चेहरा यंत्राने काढून दिला होता, आणि आम्ही त्यावर एका माणसाचा हात मोडला होता.

मालकांनी नंतर विचारलं, कुठलं यंत्र घ्यायचं? बोटं नीट काढतं ते घ्या, म्हटलं. माझ्या भावाची दोन बोटं आता वळत नाहीत. थोरला रोज येऊन त्याच्या वाटचे गठ्ठे उचलतो, मान वर करत नाही.

बाबांनो, यंत्राला 'कोण?' विचारलंत की ते कोणीतरी काढून देणारच. 'मला माहीत नाही' म्हणायला ते शिकलेलं नाही. आपल्याला ते म्हणता येतं. हात उचलण्याआधी एकदा म्हणून बघा.